बिनचेहऱ्याचा चेंडू

नुकेरिया, डिसेंबर. सॅटर्नचा सण नुकताच सरला आहे.

ऑप्टाटुस, बाळा,

तू बरा असशील तर मीही बरी आहे असं समज. मी बोलतेय आणि ग्लिकोन दाराजवळच्या बाकावर बसून लिहितोय. मध्येच कुणी आलं की उठून दार उघडतो, परत येऊन विचारतो, "कुठे होतो आपण?" तेव्हा काही पुढचं-मागचं झालं तर राग त्याच्यावर काढ. (ग्लिकोन: पुढचं-मागचं काही होत नाही. तुला अक्षरं मीच शिकवली, विसरू नकोस.)

गाडीवानाबरोबर एक पुडकं पाठवतेय. त्यात बाहुली आहे ती तुझी. आजवर चौरस्त्याच्या सणाला देवांपुढे टांगायची या घरातल्या सगळ्यांची लोकर मीच केली. मोकळ्या माणसांच्या बाहुल्या आणि आम्हा गुलामांचे चेंडू. तुझा पण दरवर्षी चेंडूच केला. तो पटकन व्हायचा, नाक नको, डोळे नकोत. थोरल्या मालकांनी जाताना मृत्युपत्रात तुला मोकळं केलं, म्हणून या वर्षी पहिल्यांदा तुझा चेहरा शिवायला बसले. नाक तीनदा उसवलं. तुझ्यासारखं नसेल, पण देवांना कळेल. त्यांना कुणाला न्यायचंच असलं तर लोकर नेतील आणि तुला सोडतील.

पुडक्यात चेंडू आहे तो माझा. इथे मालकीणबाई माझा टांगतीलच, त्याची काळजी नाही. पण तुझ्या आळीच्या चौरस्त्यावरही एक असावा असं मनात आलं. तुझ्या बाहुलीला लागूनच टांग. तिथल्या देवांनी मला कधी बघितलेलं नाही. ओळख असलेली बरी.

त्या बेकरीवाल्यांच्या मुलीबद्दल तू एवढंच लिहिलंस, की ती "नीटनेटकी" आहे. अरे, नीटनेटकी तर केरसुणीपण असते. नीट लिही.

तुझी आई हेल्पिस


पुतेओली, जानेवारी. चौरस्त्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी.

आईस नमस्कार.

पुडकं नीट पोहोचलं. बाहुली फार सुंदर झाली आहे. नाक माझ्यासारखंच आहे असं सगळे म्हणाले. काल संध्याकाळी ती चौरस्त्यावरच्या देवळीला टांगली आणि तू सांगितलंस तसा तुझा चेंडू तिला लागूनच टांगला. वारा होता. दोन्ही एकमेकांवर आपटत होते.

माझं काम चांगलं चाललं आहे. बंदरावर येणाऱ्या रांजणांच्या गळ्यावर मालाचं नाव, गावाचं नाव आणि व्यापाऱ्याचं नाव लाल रंगाने लिहितो. माझं एकही अक्षर अजून कुणी पुसायला लावलेलं नाही. राहायला हेर्मेरोस यांच्या बेकरीच्या माडीवर आहे. खाली भट्टी असल्यामुळे थंडी वाजत नाही. हेर्मेरोस या वर्षी आळीचे प्रमुख आहेत, चौरस्त्याच्या सणाचं सगळं त्यांच्याकडेच होतं. त्यांची मुलगी कोसुटिया हिच्याशी पितरांचे दिवस सरल्यावर लग्न करावं असं बोलणं झालं आहे. ती मोजकं बोलते. हसली की तोंडावर हात घेत नाही.

हे पत्र आधी मेणाच्या पाटीवर लिहून मग कागदावर उतरवलं आहे. तरी चूक राहिली असल्यास ग्लिकोनकाकांनी आईला सांगू नये.

ऑप्टाटुस


त्याच दिवशी, त्याच गाडीवानाबरोबर, वेगळं बांधून. फक्त ग्लिकोनकाकांसाठी.

काका,

हे मोठ्याने वाचू नका. आई जवळ असेल तर आधी तिला कशाला तरी आत पाठवा.

मी चेंडू टांगला नाही. तो माझ्या रंगाच्या पेटीत तळाशी आहे.

इथे आलो तेव्हा पहिल्याच जेवणाला हेर्मेरोस यांनी विचारलं, "घरी कोण कोण?" त्याआधी ते नुकतेच सांगत होते, की ते स्वतः गुलाम होते, पण कोसुटिया मोकळी जन्मली आणि तिचा नवराही जन्माने मोकळा असावा एवढीच त्यांची इच्छा आहे. मी म्हणालो, "आई माझ्या जन्माआधीच मोकळी झाली होती. आता ती या जगात नाही. वारली." काका, मी कसलाही विचार केला नव्हता. वाक्य आपोआप तयार झालं, आणि तेही अगदी शुद्ध. त्याच क्षणी माझ्या हातातला भाकरीचा तुकडा खाली पडला. पडलेला घास घरदेवांचा, म्हणून हेर्मेरोस यांनी तो उचलला, फुंकर न घालता परत ताटात ठेवला आणि जेवण झाल्यावर देवांपुढे जाळला. म्हणाले, "तुझ्याकडून काहीतरी हवंय त्यांना." सगळे हसले. मीही हसलो.

भट्टीशेजारच्या भिंतीवर त्या घरचे दोन्ही घरदेव, म्हणजे लार, रंगवले आहेत. पेले वर धरून नाचताहेत. सकाळी भाकरी आणायला खाली गेलो की त्यांच्या समोरूनच जावं लागतं. मी जमिनीकडे बघत जातो. कोसुटियाला वाटतं मी फार भाविक आहे.

काल चौरस्त्यावर हेर्मेरोस स्वतः प्रत्येकाच्या हातून लोकर घेऊन टांगत होते. मी चेंडू घेऊन गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, "तुझ्याकडे गुलाम कोण?" आईची बाहुली करून नेली असती तर देवांशी खोटं झालं असतं, आणि वारलेल्या बाईची बाहुली कशाला, असंही कुणी विचारलं असतं. म्हणून काहीच नेलं नाही. त्या देवांच्या लेखी या आळीत माझी आई नाही. तिला काही झालं तर ते कुणाला सोडणार, त्यांच्याकडे तिच्या बदल्यात काहीच नाही.

तुमच्याकडे तिचा चेंडू टांगला ना? एवढं कळवा.

ऑप्टाटुस


नुकेरिया, जानेवारी अखेर.

बाळा,

आधी बातमी सांगते, मग बाकीचं. मी मोकळी झाले.

मालकीणबाईंनी सणाच्या आधीच केलं. न्यायाधीशांसमोर उभी राहिले, त्यांच्या माणसाने काठी लावली, बाई "मोकळी" म्हणाल्या. झालं! मला वाटलं होतं वेळ लागेल. ग्लिकोन दारात रडत होता. (ग्लिकोन: धूर होता.) हे तुला आधी कळवलं नाही, कारण मला आधी स्वतःला खरं वाटू द्यायचं होतं.

सण जवळ आला तसं बाई म्हणाल्या, "हेल्पिस, या वर्षी स्वतःची बाहुली कर." बसले करायला. अंग केलं, हात केले. चेहऱ्यापाशी सुई अडली. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे शिवले, बाईंच्या सासूबाईंचा चामखीळसुद्धा शिवला. पण आपला शिवायला बसले आणि लाज वाटायला लागली. कुणी बघतंय का म्हणून मागे वळून बघितलं. मग सगळं उसवून परत चेंडूच केला आणि कुणी बघायच्या आत टांगून आले. बाईंना सांगितलं नाही. तुलाच सांगतेय. हसू नकोस.

तुझ्याकडेही माझा चेंडूच आहे, तेव्हा दोन्हीकडे सारखं झालं.

आता काय, मी कुठेही जाऊ शकते. इतकी वर्षं कुठे जायचं ते कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे एकच जागा सुचली. पितरांचे दिवस संपल्यावर आप्तांचं जेवण असतं, तेव्हा जिवंत माणसांनी एकत्र बसायचं असतं. त्याला मी येईन. बोचकं बांधून ठेवलंय. तुझ्या कोसुटियासाठी पांढरी लोकर घेतली आहे.

आई

(ग्लिकोन: ती पाणी आणायला गेली आहे, म्हणून हे खाली लिहितो. इथे तिचा चेंडू आहे. ती मोकळी असताना चेंडू आहे आणि तुझ्याकडे काहीच नाही. देवांचा हिशेब मला कळत नाही, पण तुमचा दोघांचा मात्र स्पष्ट दिसतो. मी तिला काही सांगितलेलं नाही. ते तुझं काम आहे. मी दार उघडतो, माणसांच्या वतीने बोलत नाही.)


पुतेओली, फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

आईस नमस्कार.

तुझी बातमी वाचून मला अतिशय आनंद झाला. "अतिशय" हा शब्द मी फारसा वापरत नाही.

येण्याबद्दल लिहायचं, तर सध्या आमच्या आळीत ताप आहे. फार नाही, पण आहे. शिवाय मी राहतो त्या माडीचा जिना उभा आहे आणि त्याची एक पायरी सैल आहे. खोली लहान आहे. रंगाच्या वासाने तुझं डोकं दुखेल. रस्त्यातही या दिवसांत चिखल असतो. लग्नाचंही अजून पूर्ण नक्की नाही. तेव्हा घाई न करता उन्हाळ्यात बघावं असं मला वाटतं. तुझ्या तब्येतीसाठीच म्हणतो.

लोकर मात्र जपून ठेव.

ऑप्टाटुस


नुकेरिया, फेब्रुवारी.

ऑप्टाटुस,

बरोबर आहे तुझं. जिना उभा असला की त्रास होतो. नाही येत.

हेल्पिस

(ग्लिकोन: तुझं पत्र मी दोनदा वाचून दाखवलं, तिनेच सांगितलं म्हणून. दुसऱ्यांदा वाचताना सैल पायरीपाशी ती म्हणाली, "पुरे." मग बोचकं सोडून एकेक वस्तू परत फडताळात ठेवली. पांढरी लोकर सगळ्यात शेवटी.)


पुतेओली, पितरांचे दिवस सरता सरता. फक्त ग्लिकोनकाकांसाठी.

काका, आई बरी आहे का? हे पत्र मिळाल्याबरोबर उत्तर द्या. गाडीवानाला थांबवून ठेवायला सांगितलं आहे.

आज सकाळी हेर्मेरोस त्यांच्या बायकोच्या थडग्याशी निघाले. मला म्हणाले, "तुझ्या आईचं थडगं इथे नाही. पण पितरांना अंतर नसतं. चल, आमच्या शेजारीच तिला घाल." मी म्हणालो, डोकं दुखतंय. ते म्हणाले, "माझंही दुखतं, दरवर्षी." कोसुटियाने एक स्वच्छ कौल माझ्या हातात दिलं. तिने त्यावर आधीच सगळं ठेवलं होतं. दारूत भिजवलेली भाकरी, मीठ, धान्य आणि सुटी जांभळी फुलं. फुलं तिने स्वतः खुडली होती. म्हणाली, "त्यांना कोणती आवडायची मला माहीत नव्हतं, म्हणून ही." मी हो म्हणालो.

हेर्मेरोस यांनी बायकोसाठी एक कौल ठेवलं, तिचं नाव घेतलं. त्याच्या शेजारी आणखी एक ठेवलं आणि कुणाचंच नाव घेतलं नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी माझं कौल खाली ठेवलं. माझ्या हातून मीठ सांडलं. ते थांबून राहिले. नाव घेतल्याशिवाय पितरांना कळत नाही की कुणी यायचं.

मी नाव घेतलं. काका, मी आईचं पूर्ण नाव घेतलं, हेल्पिस, आणि नुकेरियाची, असंही सांगितलं. उगाच दुसऱ्या कुणा हेल्पिसला जाऊ नये म्हणून. जिवंत बाईला मी जेवायला बोलावलं मेलेल्यांच्या पंगतीत, आणि पत्ता नीट सांगितला.

परत येताना कोसुटियाने माझा हात धरला. मी रडत होतो ना, म्हणून.

पितरांनी माझं ऐकलं असेल तर त्यांना मागे कसं फिरवायचं? याला काही विधी आहे का? मी इथे कुणाला विचारू शकत नाही. चौरस्त्यावरही तिच्यासाठी काही टांगलेलं नाही. दोन्हीकडून तिला उघडं टाकलं मी.

ती खोकते का? रात्री झोपते का नीट?

ऑप्टाटुस


नुकेरिया, पितरांच्या दिवसांत.

ऑप्टाटुस,

ती बरी आहे. आधी हे वाचून नीट श्वास घे.

आता पुढचं. तुझा गाडीवान दारात येऊन ओरडला, "पुतेओलीचं पत्र, उत्तर आत्ता हवंय!" हे सगळ्या आळीने ऐकलं. ती सूत कातत होती, तशीच चाती घेऊन आली. म्हणाली, "वाच." मी म्हटलं, "माझं आहे." ती म्हणाली, "पाठीमागे का लपवलंस मग?" मी म्हातारा आहे, पाठ धरूनच उभा राहतो, पण तिने चाती खाली ठेवली आणि ती माझ्यासमोर नुसती उभी राहिली. तुला माहीत आहे ती कशी उभी राहते. मी वाचलं. सगळं वाचलं. चेंडूचंही सांगितलं.

ती ओरडली नाही. बाकावर माझ्या शेजारी बसली. चाती परत हातात घेतली आणि म्हणाली, "भाकरी कसली होती? पांढरी?" मी म्हटलं, बेकरीवाल्यांकडची म्हणजे पांढरीच असणार. "बरं," म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं जिन्याची लाज वाटतेय त्याला. खोलीची. मी म्हटलं, पोराला गरिबीची लाज वाटते, वाटू दे." एवढंच.

बोचकं परत बांधलं आहे. ती उद्या निघते. मी थांबवलं नाही. मोकळ्या बाईला मी कसा थांबवणार?

तू विचारलंस, विधी आहे का. आहे, आणि तुला लहानपणी मीच सांगितला होता. सिसिलीत बुडाला म्हणून ज्याचं सगळं दिवसकार्य केलं तो वाणी परत आला, तेव्हा त्याला छतावरून घरात कसं घेतलं ते आठव. ज्याला मेलेला म्हणून अन्न घातलं, तो दारातून आत येऊ शकत नाही. दार ओळखत नाही त्याला. ती तुझ्या उंबऱ्याशी येईल तेव्हा हे सगळ्या आळीला दिसणार आहे. त्याआधी हेर्मेरोसना सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नकोस. एवढं तरी कर.

ग्लिकोन

तुझ्या पत्रात एकही चूक नव्हती. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.


पुतेओली, आप्तांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी.

काका,

आई सुखरूप पोहोचली. हे पत्र मी पाटीवर न लिहिता एकदम कागदावर लिहितो आहे. चुका असतील त्या असू द्या.

तुमचं पत्र आलं तेव्हा हेर्मेरोस परातीपाशी पीठ मळत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "माझी आई जिवंत आहे."

"कुठली?" ते म्हणाले.

"एकच आहे."

त्यांचे हात पिठातच थांबले. "मग परवा माझ्या बायकोच्या शेजारी कुणाला जेवायला घातलंस?"

"तिलाच."

"गुलाम होती?"

"सणाच्या आधीपर्यंत होती."

"आणि तू?"

"गेल्या उन्हाळ्यापर्यंत."

"गाढवा," ते म्हणाले, "या आळीत कोण नव्हतं? समोरची माशांच्या लोणच्याची बाई? तो परीट? जन्मापासून मोकळा जावई हवा, असं मी म्हणायचो, खरं आहे. मुलीचा बाप झाल्यावर माणसाला आपल्याच पाठीवरच्या खुणांची लाज वाटायला लागते. ते माझं मी बघेन. पण तू नाव घेतलंस!" मग ते बराच वेळ पीठ मळत राहिले, लागत होतं त्याहून जास्त. खाली बघूनच म्हणाले, "त्या दुसऱ्या कौलावर नाव का नसतं, विचारलंस कधी? माझी आई आहे ती. एफेसुसच्या बाजारात मला एका गाडीत चढवलं, तिला दुसऱ्या. आहे की नाही, ठाऊक नाही. असली तर तिला मेलेल्यांत बोलवायला नको, म्हणून इतक्या वर्षांत मी नाव घेतलेलं नाही. आणि तुझी एका दिवसाच्या रस्त्यावर आहे."

मला त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

कोसुटिया भट्टीमागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, कोपऱ्यातली धान्याची मोठी टोपली ओढून तिचा दांडा ताणून बघितला, आणि वडिलांना म्हणाली, "ही धरेल का माणूस?" माझ्याकडे तिने बघितलं नाही.

काल दुपारी गाडी आळीच्या तोंडाशी थांबली. आई बोचकं काखेत धरून चालत आली. वाळली आहे. मी पुढे झालो, पण हेर्मेरोस माझ्याही पुढे जाऊन दारात हात आडवे करून उभे राहिले. म्हणाले, "आई, रागावू नका. इथून नाही येता यायचं."

"माहीत आहे," आई म्हणाली. "शिडी कुठे आहे?"

तेवढ्यात माणसं जमली. लोणच्याच्या बाईने विचारलं, "कोण गं ही?"

"ऑप्टाटुसची आई," कोसुटिया म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मेली होती."

"मग?"

"आता येतेय."

शिडी लोणच्याच्या बाईचीच होती. आई एकेक पायरी चढत होती आणि खालून सगळे सांगत होते, डावा पाय, बाई, आता उजवा, खाली बघू नका. परीट म्हणाला, "अहो, मेल्यावर माणूस हलकं होतं म्हणतात, ही शिडी वाकतेय की!" आई वरून म्हणाली, "पांढरी भाकरी खाल्ली ना परवा." आळी हसली, काका. तिने हसवलं त्यांना. माझ्या खोटेपणावर तिने सगळ्यांना हसू दिलं, म्हणजे मग कुणाला दुसरं काही बोलायला नको.

हेर्मेरोस आणि परीट छतावर होते. मला त्यांनी सांगितलं होतं, "तू आत, चौकात, पाण्याच्या कुंडीशेजारी उभा राहा. सगळ्यांसमोर." घरात शिरलेली सगळी माणसं भिंतींना टेकून उभी होती. छताच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून टोपली खाली यायला लागली. आधी तिच्या वहाणा दिसल्या. डाव्या वहाणेचा बंद तुम्ही शिवून दिलेला आहे, तो मी ओळखला. दोर पिळला होता म्हणून टोपली गोल गोल फिरत होती. आईने डोळे मिटले होते आणि अंग आखडून घेतलं होतं, गुडघे पोटाशी. चौरस्त्यावर वाऱ्याने फिरतात ना, तशी फिरत होती. मी जे टांगलं नव्हतं ते आता सगळी आळी मान वर करून बघत होती.

टोपली टेकली. मी हात पुढे केला. तिने तो धरला, नाही असं नाही. बाहेर पाय टाकताना म्हणाली, "तुझ्या जन्माच्या वेळेलासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते." मग आधी भिंतीवरच्या त्या दोघा नाचणाऱ्या देवांकडे गेली, हात कपाळाला लावला, आणि त्यांना म्हणाली, "मी हेल्पिस. चुकून दुसरीकडे बोलावणं गेलं होतं."

जेवण झालं. जिवंत माणसांचं. देवांना त्यांचा वाटा दिला. आईला हेर्मेरोस यांनी स्वतःच्या शेजारी बसवलं. भाकरी पुढे करताना माझ्यापर्यंत आली, मग पुढे गेली. सगळं नेहमीसारखंच होतं, आणि मला मान वर करता येत नव्हती.

जेवणानंतर आई म्हणाली, "तो चेंडू कुठाय?" मी माडीवरून आणला. पेटीत राहून त्याला लाल रंग लागला होता. तिने तो बाहीला पुसला, निघेना. म्हणाली, "असू दे. देवांपुढे टांगते, पुढच्या सणाला होईल." कोसुटियाने तो तिच्या हातातून काढून घेतला. "असाच नाही टांगायचा," म्हणाली, आणि सुई-दोरा घेऊन आईसमोर बसली. आई अवघडून म्हणाली, "अगं, नको. मला नाही जमलं ते." कोसुटिया म्हणाली, "तुम्हाला कुठे करायचंय? तुम्ही नुसतं बसा."

लग्नाचं अजून काही ठरलेलं नाही. हेर्मेरोस म्हणाले, बघू. कोसुटिया काल दिवसभरात माझ्याशी एकदाच बोलली. नाक आणि ओठ शिवून झाले होते. ती तपकिरी आणि काळा असे दोन दोरे धरून बसली होती, आणि आई तिच्या अगदी समोर होती. तरी तिने मान वळवून मला विचारलं, "डोळे कोणत्या रंगाचे?"

काका, मला आठवेना. मला जवळ जाऊन बघावं लागलं. आईने नजर खाली घातली होती. ती वर बघेपर्यंत मी तिच्यापुढे थांबून राहिलो.

तपकिरी आहेत.

ऑप्टाटुस